वेल जिवंत तोवर

मागच्या व्याख्यानात आपण मालकी आणि विश्वस्तवृत्ती या विषयावर बोललो आणि गांधीजींच्या विश्वस्त-कल्पनेपाशी येऊन थांबलो. त्यानंतर एका श्रोत्याने लिहून विचारलं, "सर, पिढ्यान्‌पिढ्या एकच धंदा करणारं कुटुंब जमिनीची आणि गावाची काळजी जास्त घेतं, भागधारकांची कंपनी तेवढी घेत नाही, असं म्हणता येईल का?" प्रश्न चांगला आहे. दोन ओळींत 'हो' किंवा 'नाही' म्हणून मोकळं होता आलं असतं, पण तत्त्वज्ञानाच्या माणसाला ती सवय नाही. म्हणून आजचं सगळं व्याख्यान या एका प्रश्नाला.

उत्तरासाठी आम्ही उदाहरण घेतलंय वाइनच्या धंद्याचं. काहींच्या भुवया उंचावल्या असतील. आम्ही स्वतः घेत नाही, आणि घ्या असं सांगायलाही आलेलो नाही. पण कुटुंब, जमीन आणि काळ या तिघांचा संबंध पाहायचा तर द्राक्षवेलीसारखं पीक नाही. ज्वारी चार महिन्यांत घरी येते. वेल लावली की पहिलं नीट पीक यायला तीन-चार वर्षं जातात, आणि मग ती माणसाच्या उमेदीच्या वर्षांइतकी किंवा त्याहून जास्त जगते. लावणारा एक, खाणारा दुसरा, आणि तोडायची वेळ येते तेव्हा नातू उभा असतो. त्यामुळे 'पुढच्यांसाठी' हा शब्द इथे भाषणापुरता राहत नाही, हिशोबात येतो.

आपल्याला जायचंय स्पेनच्या ईशान्य कोपऱ्यात, कॅटलोनियात. बार्सिलोना शहर सगळ्यांना ऐकून माहीत असेल. त्याच्या नैऋत्येला पेनेदेस नावाचा प्रदेश आहे, विलाफ्रांका हे तिथलं मुख्य गाव. शेकडो वर्षं तिथे द्राक्ष होतंय. आणि तिथे एक करार होता, ज्याच्यासारखा करार आम्ही दुसरीकडे कुठे वाचलेला नाही. त्याचं नाव 'राबास्सा मोर्ता'. राबास्सा म्हणजे वेलीचा बुंधा, मोर्ता म्हणजे मेलेला.

करार असा. मालकाकडे पडीक, माळरान जमीन असायची. ती तो एखाद्या गरीब कुटुंबाला द्यायचा. त्या कुटुंबाने दगड वेचायचे, बांध घालायचे, वेली लावायच्या, आणि पिकाचा ठरलेला वाटा मालकाला द्यायचा. मुदत किती? वर्षांत मुदत नाही. वेली जिवंत आहेत तोवर जमीन कसणाऱ्याकडे. बहुतेक वेली मेल्या की जमीन मालकाकडे परत. कसणाऱ्याला म्हणत राबास्साइरे. म्हणजे माणसाचा जमिनीवरचा हक्क वेलीच्या आयुष्याला बांधलेला.

आता कसणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. वेल जगली तर आपण जगणार. मग काय कराल? त्यांनी तेच केलं. दाबकलम. आपल्याकडच्या बागायतदारांना सांगायला नको, पण शहरी श्रोत्यांसाठी सांगतो. जुन्या वेलीची लांब काडी वाकवून मातीत गाडायची, शेंडा वर ठेवायचा. गाडलेल्या भागाला मुळ्या फुटतात आणि नवी वेल उभी राहते. जुनी वेल म्हातारी होऊन वाळेपर्यंत नवी तिच्या जागी तयार. असं पिढी दर पिढी करत राहिलं तर बाग मरतच नाही. बाग मरत नाही, म्हणजे करारही मरत नाही.

मालक अर्थातच वैतागले. अठराव्या शतकापासून याच्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या. मालकाचं म्हणणं, आम्ही करार केला तो आजोबांनी लावलेल्या वेलींचा. त्या केव्हाच मेल्या, ही दुसरी झाडं. कसणाऱ्याचं म्हणणं, ही तीच वेल, तिचीच काडी, तिचाच रस, मध्ये एक दिवसही ती मेलेली नव्हती. पुढे १८८९ सालच्या स्पेनच्या दिवाणी संहितेत याच्यावर कलमच आलं: मुदत ठरवलेली नसेल तर पन्नास वर्षांनी करार संपला, त्याआधीही, पहिल्या वेली मेल्या किंवा लावलेल्यांपैकी दोन-तृतीयांश निष्फळ झाल्या, तर संपला.

इथे आम्हाला एक कबुली द्यायची आहे. हे उदाहरण आम्ही वर्गात कितीतरी वर्षं शिकवलं. विषय असायचा तादात्म्याचा. ग्रीकांचं ते प्रसिद्ध जहाज, ज्याची एकेक फळी बदलत सगळ्याच बदलल्या, मग जहाज तेच की दुसरं? त्याच्या जोडीला आम्ही ही वेल ठेवायचो. मुलांना मजा वाटायची, आम्हालाही वाटायची. एका वर्षी तासगाव भागातून आलेला, घरची द्राक्षबाग असलेला एक विद्यार्थी तास संपल्यावर थांबला. म्हणाला, "सर, आमच्याकडे बागेत नांगा पडला की वडील शेजारच्या वेलीची काडी दाबतात. वेल तीच की दुसरी, असा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. तो प्रश्न ज्याला बाग काढून घ्यायची आहे त्यालाच पडतो."

आम्ही गप्प बसलो. तीस वर्षांच्या अध्यापनात आम्हाला शिकवून गेलेली जी चार-पाच वाक्यं असतील, त्यातलं हे एक. एखादा प्रश्न कोण विचारतंय आणि उत्तरावर कोणाचं पोट अवलंबून आहे, हे न बघता आपण त्याला निखळ तात्त्विक प्रश्न म्हणतो. सतराव्या शतकात इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक म्हणाला होता की पडीक जमिनीत माणूस आपले श्रम मिसळतो तेव्हा ती त्याची होते. राबास्साइरेने लॉक वाचलेला नव्हता. पण त्याने माळावर बाग उभी केली होती, आणि कागद दुसऱ्याच्या नावावर होता. तेव्हापासून आम्ही हे उदाहरण वेगळ्या तऱ्हेने शिकवू लागलो, आणि आजही तसंच मांडतोय.

पुढे काय झालं ते ऐका. १८६०च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या रोपांबरोबर एक बारीक कीड फ्रान्समध्ये शिरली. फायलॉक्सेरा तिचं नाव. ही वेलीच्या मुळांतला रस शोषते. मुळं कुजतात आणि वेल मरते. फ्रान्सच्या बागा एकेक करून आडव्या झाल्या. फ्रान्समध्ये वाइनचा तुटवडा, म्हणून शेजारच्या कॅटलोनियात वाइनला सोन्याचा भाव. शेजाऱ्याचं घर जळत होतं आणि इथे दिवाळी चालली होती. माळ फोडून नव्या बागा लागल्या, नवी घरं उभी राहिली. कीड पिरेनीज पर्वत ओलांडणार हे दिसत होतं, तरी लोक लावत राहिले. १८७९ साली ती कॅटलोनियाच्या उत्तर टोकाला पोचली. १८८०च्या दशकात पेनेदेसमध्ये शिरली. शतक संपेपर्यंत जुन्या बागा गेल्या.

आता करार आठवा. वेल जिवंत तोवर. वेली तर मेल्या. कसणाऱ्याच्या हयगयीने नाही मेल्या, त्याने तर जिवापाड जपल्या होत्या. पण करारात मरण्याचं कारण लिहिलेलं नव्हतं. मालकांना जमिनी मोकळ्या झाल्या.

उपाय सापडला तो अमेरिकेतच. अमेरिकी रानवेलींची मुळं या किडीला तोंड देतात. म्हणून खाली अमेरिकी खुंट आणि वर युरोपी वेलीचं कलम. जगभरच्या बहुतेक वाइनबागा आज अशाच उभ्या आहेत. पण या कलमाने एक गोष्ट कायमची बंद केली. वरची काडी मातीत दाबली तर तिला फुटणारी मुळं युरोपी, आणि ती कीड खाणार. म्हणजे दाबकलम संपलं. शिवाय कलमी वेलीचं आयुष्य जुन्या वेलीपेक्षा कमी. ज्या युक्तीने गरिबाने आपला हक्क शे-दोनशे वर्षं जिवंत ठेवला होता, ती युक्ती एका किडीने आणि तिच्यावरच्या उपायाने मिळून काढून घेतली. उपाय शास्त्रीय होता, योग्य होता, गरजेचा होता. त्याची किंमत मात्र सगळ्यांनी सारखी मोजली नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

या भांडणाचं पुढे राजकारण झालं. १९२२ साली राबास्साइरेंची संघटना उभी राहिली. तिच्या संस्थापकांत लुईस कोम्पानीस नावाचे वकील होते, तेच पुढे कॅटलोनियाचे अध्यक्ष झाले. १९३४ साली कॅटलोनियाच्या विधिमंडळाने कायदा केला: अठरा वर्षं जमीन कसलेल्याला ती विकत घेता येईल. दोन-तीन महिन्यांतच माद्रिदच्या घटनात्मक न्यायालयाने तो रद्द ठरवला. त्यानंतर यादवी युद्ध, फ्रँकोचा विजय, आणि १९४० साली बार्सिलोनाच्या मोंजुइक किल्ल्यात कोम्पानीस यांना गोळ्या घालण्यात आल्या. आपल्याकडच्या कूळकायद्याची आठवण ज्यांच्या घरात आहे, मालकाच्या बाजूने असो की कुळाच्या, त्यांना यातला ताण वेगळा समजावून सांगायला नको.

आता आपल्या श्रोत्याच्या प्रश्नाकडे, कुटुंबाकडे येऊ. याच विलाफ्रांकामध्ये १८७० साली, म्हणजे तेजीच्या ऐन सुरुवातीला, तोर्रेस नावाच्या दोन भावांनी वाइनघर काढलं. एक भाऊ क्युबाला जाऊन पैसा मिळवून आलेला, दुसरा घरची बाग सांभाळणारा. आज पाचवी पिढी ते चालवते. या घराने फायलॉक्सेरा पाहिली. १९३९च्या जानेवारीत, युद्ध संपता संपता, रेल्वे स्थानकाजवळच्या त्यांच्या इमारतीवर बाँब पडले आणि सगळं उद्ध्वस्त झालं. तिसऱ्या पिढीने ते पुन्हा उभं केलं. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच वाइन बाजारात मिळत नव्हती, तेव्हा अमेरिकेत जाऊन आपली विकली.

चौथ्या पिढीतले मिगेल तोर्रेस यांनी १९८०च्या दशकात एक काम सुरू केलं. स्थानिक वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या: तुमच्या बांधावर, पडक्या बागेत एखादी ओळखू न येणारी जुनी वेल असेल तर आम्हाला कळवा. फायलॉक्सेरानंतर पुन्हा लागवड करताना लोकांनी मोजक्याच जाती लावल्या होत्या, बाकीच्या विसरल्या गेल्या. शेतकऱ्यांनी कळवलं, तज्ज्ञ जाऊन बघून आले. आजवर अशा पन्नासाहून जास्त जाती सापडल्या. गार्रो, केरोल, फोर्कादा, मोनेउ ही त्यांतली काही नावं. गंमत बघा, हे शोधकाम सुरू झालं ते वारसा जपायचा म्हणून. पुढे उन्हाळे वाढले तेव्हा ध्यानात आलं की यातल्या काही जाती ऊन आणि पाण्याची ओढ जास्त सोसतात. फोर्कादा तर उशिरा पिकते. तीस-चाळीस वर्षं ज्याचा फायदा दिसत नाही असं काम तिमाही हिशोब देणारी कंपनी सहसा करत नाही. कुटुंबाने केलं. तेव्हा आपल्या श्रोत्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, हे आधी मान्य करू.

हवामानबदलाबाबतही या घराने लवकर पावलं टाकली. २००८ साली त्यांनी ठरवलं की २०२०पर्यंत दर बाटलीमागचा कार्बन ३० टक्क्यांनी कमी करायचा. त्यांच्या स्वतःच्या हिशोबाने तो ३४ टक्के कमी झाला. सूर्यपट्ट्या बसवल्या, बागेतल्या छाटणीचा काडीकचरा बॉयलरला लावला, बाटल्या हलक्या केल्या. वाइनच्या धंद्यात प्रदूषणाचा मोठा वाटा काचेचा असतो हे पुष्कळांना माहीत नसतं. जड बाटली म्हणजे भारी वाइन, हा ग्राहकाचा समज पृथ्वीला महाग पडतो. २०१९ साली अमेरिकेतल्या जॅक्सन कुटुंबाच्या वाइनघराबरोबर त्यांनी हवामानासाठी वाइनघरांची आंतरराष्ट्रीय संघटनाही काढली. हे सगळं कौतुकाचं आहे आणि आम्ही मनापासून कौतुक करतो.

पण एक गोष्ट अशी आहे, जिथे आम्ही थबकतो. १९९०च्या दशकात या घराने पिरेनीजच्या पायथ्याशी, त्रेंप गावाजवळ, सुमारे ९५० मीटर उंचीवर जमीन घेतली. कारण उघड आहे: खाली ऊन वाढतंय, द्राक्ष लवकर पिकतंय, साखर चढते आणि आंबटपणा उतरतो. वर गारवा आहे. म्हणून बाग डोंगर चढते. आजचाच नाही, पुढच्या पिढीचा विचार करणाऱ्याने हेच करायला हवं. यात दोष काढण्यासारखं काही नाही.

मग खाली कोण राहतं? अशा मोठ्या घरांना आपल्या बागांबरोबर आसपासच्या लहान शेतकऱ्यांचीही द्राक्षं लागतात. त्या शेतकऱ्याकडे चार-पाच हेक्टर बाग आहे, ती खालीच आहे आणि खालीच राहणार. त्याला डोंगर चढता येत नाही. २०२१पासून तीनेक वर्षं कॅटलोनियात भयंकर दुष्काळ पडला. २०२४च्या फेब्रुवारीत बार्सिलोना परिसरात पाण्याची आणीबाणी जाहीर करावी लागली. त्या वर्षांत पेनेदेसच्या वेली उभ्या वाळल्या. वेल वाळली तर आज कोणताही राबास्सा-करार तुटत नाही, तो काळ गेला. पण खरेदीचा करार पुढच्या वर्षी होईलच असं कुठे आहे?

म्हणून म्हणालो होतो ते वाक्य लक्षात ठेवा. उपाय योग्य असतो, आणि त्याची किंमत सगळे सारखी मोजत नाहीत. १८९०मध्ये हे खरं होतं, आजही आहे. एखादं घर आपल्या नातवंडांचा विचार करतं, ही दूरदृष्टी झाली. सामाजिक जबाबदारी त्याच्या पुढे सुरू होते: आपल्याबरोबर ज्याला डोंगर चढता येणार नाही, त्याचा आपल्या हिशोबात रकाना आहे का? मागच्या वेळी विश्वस्ताची व्याख्या करताना आपण म्हणालो होतो की विश्वस्त आपल्या ताब्यातली वस्तू दुसऱ्यासाठी सांभाळतो. तो 'दुसरा' म्हणजे फक्त आपला मुलगा असेल, तर त्याला विश्वस्त म्हणायची गरज नाही. त्याला चांगला बाप म्हणतात. चांगला बाप असणं मोठी गोष्ट आहे, पण ती निराळी गोष्ट आहे.

मग हा रकाना कुठे सापडतो? इतिहासात दोन ठिकाणी आम्हाला त्याची खूण दिसते, दोन्ही त्याच मातीतल्या.

पहिली सहकाराची. फायलॉक्सेरानंतर लहान शेतकऱ्यांच्या लक्षात आलं की एकट्याने द्राक्ष विकलं तर व्यापारी म्हणेल तो भाव, आणि वाइन करायची तर यंत्रं, टाक्या, तळघरं परवडत नाहीत. मग गावोगाव सहकारी वाइनघरं निघाली. १९१८ नंतर सेझार मार्तिनेल या वास्तुविशारदाने, जो गाउदीच्या वर्तुळातला, अशा कितीतरी संस्थांच्या इमारती बांधल्या. गांदेसाची आणि पिनेल दे ब्राइची आजही बघायला लोक जातात. विटांच्या उंच कमानी, आत देवळासारखा गारवा. त्यांना नावच पडलं 'वाइनची कॅथेड्रल्स'. पैसा बेताचा, पण इमारत देखणी हवी, कारण ती आपली आहे. सहकारी साखर कारखान्याची चिमणी पहिल्यांदा पेटली तो दिवस ज्या गावांनी पाहिला, त्यांना हा अभिमान कळेल. तो अभिमान पुढे आपण काय केला, तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय.

दुसरी खूण ताजी आहे. २०१९ साली पेनेदेसमधल्या नऊ वाइनघरांनी, त्यात पिढीजात घरं बरीच, 'काव्हा' हे प्रसिद्ध नामांकन सोडलं आणि 'कॉर्पिनात' नावाने आपला वेगळा संघ पुढे आणला. स्वस्तात स्वस्त फेसाळ वाइनच्या स्पर्धेत द्राक्षाचा भाव पडत होता, हे त्यामागचं एक कारण. संघाचे नियम दर्जाचे आहेतच: सेंद्रिय द्राक्ष, हाताने तोडणी, पेनेदेसमधलाच माल. पण त्यांतच शेतकऱ्याला द्यायच्या किमान भावाचीही अट आहे. आमच्या मते सूर्यपट्टीइतकंच हेही पर्यावरणाचं काम आहे. ज्याला भाव मिळत नाही तो शेतकरी बाग सोडतो. बाग सुटली की बांध ढासळतात, माती वाहून जाते, रान माजतं आणि उन्हाळ्यात त्याला आग लागते. माती टिकवायची तर आधी माणूस टिकवावा लागतो.

शेवटी घरी येऊ. तो तासगावचा विद्यार्थी आता पन्नाशीचा आहे. नोकरी सोडून बाग बघतो. मध्ये आम्ही त्याच्याकडे गेलो होतो. वडिलांच्या वेळची ओनरूट बाग आता नाही. सगळी डॉगरिज खुंटावर. डॉगरिज ही अमेरिकी वेल, फायलॉक्सेराच्या इतिहासातल्या खुंटांच्याच नात्यातली. आपल्याकडे ती आली ती किडीमुळे नव्हे, खारवट जमीन आणि पाण्याची टंचाई सोसते म्हणून. २०१२-१३च्या दुष्काळात त्याने टँकरने विकतचं पाणी घालून वेली जगवल्या. त्या वर्षी फळ घेतलंच नाही, नुसती वेल जगवली. आम्ही विचारलं, "हिशोबात बसलं का?" तो म्हणाला, "नाही बसलं सर. पण बाग मेली असती तर छाटणीला येणारी बारा माणसं दुसरीकडे गेली असती. ती परत आली नसती."

बघा मंडळी, त्याच्या हिशोबात तो रकाना होता. त्याला आम्ही जबाबदारी या विषयावर काही शिकवल्याचं आठवत नाही.

तेव्हा आमच्या श्रोत्याला उत्तर असं. कुटुंबाला लांबचं दिसतं, हे खरं. पण लांबचं दिसणं आणि शेजारचं दिसणं ही दोन निरनिराळी इंद्रियं आहेत, आणि एक असलं की दुसरं आपोआप येतं असं इतिहास सांगत नाही. पुढच्या वेळी कोणी आपल्या दीडशे वर्षांच्या परंपरेचा अभिमान सांगितला तर तो जरूर ऐका. मग नम्रपणे विचारा, "आणि या दीडशे वर्षांत तुमच्याबरोबर कोण कोण टिकलं?"

प्रश्न असतील तर नेहमीप्रमाणे लिहून पाठवा. उत्तराला वेळ लागला तर रागावू नका. आमच्या वयाला वेलीसारखंच सावकाश फुटवा येतो.